रुग्ण क्रमांक एक

१

सहदेव परबने जोडलेल्या कॉम्प्युटरला कुणी नावं ठेवली, की ती त्याला स्वतःच्या लेकीला ठेवल्यासारखी लागत. दहिसरला नदीच्या पुलापाशी त्याचा छोटासा गाळा होता. बाहेर पाटी होती, पण पाटी वाचून आलेलं गिऱ्हाईक त्यालाही आठवत नसे. यायचे ते ओळखीने, आणि आले की अर्धा तास त्याचं भाषण ऐकूनच सुटायचे. मदरबोर्ड कुठला, पंखा कुठला, वायर किती जाडीची, हे सगळं तो स्वतः पारखून घेई. एकदा मशीन बसवलं की त्याचा मंत्र ठरलेला: चालतंय ना? मग हात लावू नका. त्याने काही विचारलंच, तर ओके दाबा आणि पुढे व्हा.

बोरिवलीला इरावती मॅडमच्या दवाखान्यात त्याने २००९ साली बसवलेलं मशीन म्हणजे या मंत्राचा जिवंत पुरावा. मॅडम लोकांना ऐकू किती येतं ते मोजत. त्यासाठी लागणारं आवाजाचं कार्ड परदेशातून आणलेलं होतं आणि ते फक्त विंडोज एक्सपीवर चाले. पुढे एक्सपीला वाली उरला नाही, कार्ड बनवणारेही धंद्यातून उठले. पण सहदेवने त्या मशीनला इंटरनेटचा वारा लागू दिला नाही, आणि ते सोळा वर्षं निमूट चाललं.

तपासणी साधी असे. रुग्णाला जाड दाराच्या एका बंद खोलीत बसवायचं. तिला सगळे बूथ म्हणत. कानांवर हेडफोन, हातात बटण. बाहेर बसून मॅडम कॉम्प्युटरवरून लहानमोठे सूर सोडत. सूर ऐकू आला की रुग्णाने बटण दाबायचं, मग बाहेरच्या टेबलावर हिरवा दिवा लागे आणि पडद्यावर खूण पडे. किती हळू आवाज कळतो, त्याचा आलेख आपोआप तयार होई.

सहदेवची नात सई तिथलीच रुग्ण होती. प्रांजलची, म्हणजे त्याच्या लेकीची, ही एकुलती एक. वय चार वर्षं दहा महिने. जन्मापासून दोन्ही कानांनी काही नाही, म्हणून तोंडात शब्दही नाही. कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन ठरत आलं होतं. हॉस्पिटलच्या समितीला एकाच मशीनवर तीन-तीन महिन्यांनी काढलेले तीन आलेख हवे होते. दोन झाले होते. समिती शुक्रवारी बसायची होती, त्यानंतर थेट सहा महिन्यांनी, आणि पाच वर्षांपुढच्या मुलाचं नाव ती घेतच नसे. हा शुक्रवार चुकला की सईचे कान कायमचे गेले, इतका सरळ हिशेब होता.

बुधवारी सकाळी तिसरा आलेख झाला आणि अकराच्या सुमाराला मॅडमचा फोन आला.

"सहदेवभाऊ, तुमची नात ऐकतेय."

"काय सांगता मॅडम!"

"मी नाही, कागद सांगतोय. प्रत्येक सुराला दिवा लागला. पण भाऊ, बटण खुंटीला टांगलेलं होतं. सईच्या दोन्ही हातांत बिस्किटं होती."

सहदेव क्षणभर हरखला होता, तो तसाच मावळला. असा कागद समितीपुढे गेला, तर ऐकू येणाऱ्या पोरीचं ऑपरेशन करणार कोण? त्याने पिशवीत हत्यारं टाकली आणि गाळ्याचं शटर ओढलं.

२

तो पोचला तेव्हा मॅडमनी दुपारचे रुग्ण परत पाठवले होते आणि त्या जेवायला घरी गेल्या होत्या. कुंदाताईंनी मशीन चालू करून ठेवलं होतं. कुंदाताई म्हणजे दवाखान्याचा पहिला दिवस पाहिलेली बाई, मालवणकडची, साठी उलटलेली. सकाळी कुलूप काढण्यापासून संध्याकाळी दिवे मालवण्यापर्यंत सगळं त्यांच्याच हातात असे.

"बटणाची स्प्रिंग गेली असणार," सहदेव म्हणाला. त्याने नवं बटण जोडून बूथमधल्या खुंटीला अडकवलं, दार लावलं आणि बाहेर येऊन एक सूर सोडला. हिरवा दिवा लागला.

मग त्याने कॅबिनेट उघडलं. ब्लोअरने धूळ उडवली, कार्ड काढून त्याचे पितळी दात शाळकरी पोराच्या खोडरबरने घासले, पुन्हा बसवलं. पॉवर सप्लाय बदलला. प्लगची अर्थिंग तपासली. तीन वाजेपर्यंत त्याने मशीनची आतडी टेबलावर मांडून परत भरली. कुंदाताईंनी दोनदा चहा दिला आणि दोन्ही वेळा काही न बोलता कप उचलून नेले. एरवी ही बाई गप्प बसायची नाही, हे सहदेवच्या ध्यानात आलं, पण तेव्हा त्याला मशीनपुढे दुसरं काही सुचत नव्हतं.

कुंदाताईंनी मशीन पुन्हा चालू करून फाइल उघडून दिली आणि त्याने नुसतं दिव्याकडे बघत दहा मिनिटं काढली. सूर नाही, तर दिवा नाही. मग त्याने चाळीसवर सूर सोडला, दिवा लागला. वीसवर सोडला, लागला. पंधरावर लागला. दहावर मात्र लागला नाही. आकडा जितका लहान तितका आवाज हळू, आणि दहाचा आवाज म्हणजे चांगल्या कानाच्या माणसालाही जेमतेम कळणारा. त्याने पुन्हा पंधरावर सोडला. दिवा लागला.

"आवाजाची वायर बटणाच्या वायरीत गळतेय," तो मोठ्याने म्हणाला. असं मोठ्याने म्हटलं की त्याला धीर येई. गळती असेल तर हेडफोन काढले तरी दिवा लागायला हवा. त्याने बूथमध्ये जाऊन हेडफोनची पिन भिंतीतून उपसली. बाहेर येऊन शंभरावर सूर सोडला. दिवा मेल्यासारखा गप्प. पिन परत लावली आणि हेडफोन कुंदाताईंच्या टॉवेलात गुंडाळून स्टुलावर ठेवले. आता पंधराला दिवा लागेना, वीसला लागेना. चाळीसला लागला.

सहदेव खुर्चीत मागे टेकला. उभ्या आयुष्यात त्याने तऱ्हेतऱ्हेचे बिघाड पाहिले होते, पण टॉवेल कळणारा बिघाड त्याने पाहिला नव्हता.

"कुंदाताई, मी आत बसतो. तुम्ही सूर सोडा, मोठ्यापासून हळू करत या. आणि दिवा कधी लागतो ते मला माइकवरून सांगा."

बूथचं दार लागलं. रस्त्यावरच्या रिक्षा, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, सगळं एकदम बंद झालं. भिंतींना बारीक भोकांचे पत्रे होते आणि त्यामागे कापूस भरलेला. इथे माणसाला स्वतःच्या मानेतली शीर ऐकू येते. त्याने हेडफोन कानांवर घट्ट दाबून बसवले. बटण समोरच्या भिंतीवर, हात पोचणार नाही एवढ्या लांब, खुंटीला लोंबत होतं.

सूर आला. मग त्याहून हळू, त्याहून हळू, आणि दर वेळी मागोमाग कुंदाताईंचं 'लागलो'. मग काहीच येईना. अठ्ठावन्न वर्षांच्या कानांची तेवढीच पोच होती. तो वाट पाहत बसला.

हेडफोनमध्ये कुंदाताईंचा आवाज पुन्हा आला. "लागलो दिवो."

"कधी?"

"आता. पंधराक."

सहदेवला काही ऐकू आलं नव्हतं. हेडफोन त्याच्या कानांना चिकटलेले होते, त्यातून बोटभर आवाजही बाहेर सांडत नव्हता. जे कुणी तो सूर ऐकत होतं, त्याला आपला कान सहदेवच्या कानाला लावूनच ऐकावा लागला असता. तो मान न वळवता बसून राहिला. समोर खुंटीवरचं बटण अगदी थोडं झुलत होतं, आणि बूथमध्ये पंखा नव्हता.

३

बाहेर आल्यावर त्याने स्वतःला दोन शिव्या घातल्या. जेवण झालं नव्हतं, रात्री झोप लागली नव्हती, नातीची काळजी होती. अशा वेळी माणसाला काय वाटेल ते दिसतं. त्याने ठरवलं, आता मशीनचा बिघाड मशीनसारखाच शोधायचा. हार्डवेअर झालं, सॉफ्टवेअर उरलं.

त्याने रुग्णांची यादी उघडली. एका आजोबांची फाइल काढून सूर सोडला. दिवा लागला नाही. एका शाळामास्तरीणबाईंची काढली. नाही. दहा-बारा फाइली पालथ्या घातल्या, शंभरावर सूर सोडले, दिवा ढिम्म. मग सईची फाइल उघडली. पहिल्याच सुराला दिवा लागला.

"नाव बघून बिघडतंय की काय हे?" तो पुटपुटला. मग त्याला आठवलं, दुपारभर तो ज्या फाइलवर काम करत होता ती सईची नव्हतीच. कुंदाताईंनी उघडून ठेवलेली होती, आणि त्याने नावही वाचलं नव्हतं. त्याने यादीच्या अगदी वर जाऊन पाहिलं. रुग्ण क्रमांक एक: माणिक. आडनाव नाही. जन्मतारीख, मशीन बसवलं तो दिवस.

हे नाव त्याने स्वतःच टाइप केलं होतं. बसवायच्या दिवशी सॉफ्टवेअर नावाशिवाय पुढे सरकेना. खिडकीतून समोर एका लाँड्रीची पाटी दिसत होती, माणिक ड्रायक्लीनर्स. टाकलं माणिक, जन्मतारीख टाकली आजची, आणि दाबलं ओके. कुंदाताईंना शिकवताना सांगितलं होतं, रोज सकाळी रुग्ण यायच्या आधी ही फाइल उघडायची, रिकाम्या बूथमध्ये सूर सोडायचे, माइकवर बोलून बघायचं. चालतंय अशी खात्री झाली की मग खऱ्या माणसांना आत घ्यायचं.

सॉफ्टवेअरने माणिकचं वय बरोबर मोजलं होतं. सोळा वर्षं. त्याच्या नावावर सोळा वर्षांच्या सगळ्या सकाळच्या ४७३२ पाहण्या होत्या, एकाखाली एक, आणि आलेख कोरा. सहदेव खाली येत राहिला. मागच्या दिवाळीनंतरच्या एका सकाळी, एकशेदहाच्या पायरीवर, एकच खूण होती. पंधरा दिवसांनी शंभरावर. नाताळात ऐंशीवर. मग साठ, पंचेचाळीस, तीस. या सोमवारी वीस. आज सकाळी पंधरा.

कुंदाताई दाराशी उभ्या होत्या. पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं होतं.

"तुमका म्हायत होता?" सहदेवच्या तोंडून आपसूक मालवणी आली. त्याचे वडीलही तिकडचेच, गिरणीत येऊन मुंबईकर झालेले.

"दिवाळीपासून तेका आयकाक येऊक लागला," कुंदाताई म्हणाल्या. "पयलो दिवो लागलो तेवा मी घाबरलंय. मगे वाटला, सोळा वर्सां रोज मी हाक मारतंय, माणिक, बाळा, आवाज इलो की बटण दाब. येवढ्या वर्सांनी कोण ओ देता, तर बराच ना? माका बरा वाटला रे."

"मग सांगलात नाय ते?"

"सांगून तू काय करतलंस? तेका काढून टाकतलंस." त्यांनी डोळे पुसले. "दुसऱ्याच्या पाळीत तो कधी मधी येऊक नाय. गुणाचो आसा. सईक काय कळना नाय, ती बिस्किट खाता, म्हणान तेणा तिच्यासाठी दाबला असात. मदत केल्यान."

सहदेवने मशीनकडे बघितलं. एका बंद खोलीला माणसं सोळा वर्षं रोज सकाळी नाव घेऊन विचारत होती, ऐकू येतंय का. ती खोली रिकामीच राहील, हे धरून चालायची अक्कल त्याचीच. पण भीतीच्याही वर एक विचार होता, आणि तो सईचा होता. उद्या पुन्हा आलेख काढायचा होता, आणि परवा शुक्रवार होता.

४

मॅडम परत आल्यावर त्याने त्यांना काही सांगितलं नाही. सांगणार काय? "जुन्या फाइलींचा कचरा झालाय, साफ करतो, उद्या सकाळी सई येईल," एवढंच तो म्हणाला. मॅडम शहाण्या बाई, त्यांनी त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि पुढे विचारलं नाही.

"कधी वाटतं, या पोरांच्या बाबतीत आपण घाई करतो," त्या पर्स उचलता उचलता म्हणाल्या. "ऐकू आलं की आईबापांना वाटतं झालं. पण खरं काम पुढे. आधी ती नुसती ऐकतात. मग कुणाचं ऐकायचं ते ठरवतात. बोलणं त्याच्यानंतर."

त्या गेल्यावर सहदेवने सईची फाइल बंद केली, यादीत वर गेला आणि माणिकवर माउसचं उजवं बटण दाबलं. डिलीट. पडद्यावर इंग्रजीत तीन-चार ओळींचा चौकोन आला. ओके. दुसरा चौकोन आला, त्यात कुठलंसं नाव आधीच भरलेलं होतं. ओके. तिसरा आला. ओके. पोटापाण्याच्या तीस वर्षांत त्याने असे लाखभर चौकोन उडवले असतील, एकही वाचला नव्हता. मशीनने थोडं कुरकुर केलं आणि यादीतली पहिली ओळ नाहीशी झाली. आता यादी क्रमांक दोनपासून सुरू होत होती.

"असो कसो काढलंस रे?" मागून कुंदाताई म्हणाल्या. "येका शब्दान तरी सांगूक होया होता तेका."

त्याने सईची फाइल उघडून रिकाम्या बूथमध्ये शंभरावर सूर सोडला. दिवा लागला नाही. एकशेदहावर सोडला. नाही. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणत सहदेव खुर्चीतून उठला.

टेस्टर बूथमध्ये राहिला होता. तो आणायला तो आत गेला. दार उघडंच ठेवलं, कुंदाताई समोर दिसत होत्या, बाहेर संध्याकाळचं पिवळं ऊन होतं. तरी टेस्टर उचलल्यावर त्याला पाठ फिरवून निघवेना. त्या रिकाम्या स्टुलाकडे बघून तो हळूच, स्वतःची थट्टा केल्यासारखा, म्हणाला, "बाबा रे, असशील तर ऐक. उद्या गप्प राहा. माझ्या पोरीच्या पोरीचा प्रश्न आहे. उद्या तेवढा गप्प राहा, मग तुला काय हवं ते कर."

हे शेवटचं वाक्य आपण का बोललो, ते त्याला कळलं नाही. माणूस गयावया करताना बोलून जातो, तसं ते निघालं होतं. त्याने बूथचं दार लावलं.

५

गुरुवारी सकाळी प्रांजल सईला घेऊन आली. पोरीला नवा पिवळा फ्रॉक घातला होता, जणू समितीच समोर बसली आहे. प्रांजलला आदल्या दिवशीचं काहीच माहीत नव्हतं. मशीन बिघडलं होतं, बाबांनी दुरुस्त केलं, एवढंच तिला ठाऊक.

"बाबा, आज तरी नीट होईल ना हो?"

"होईल गं. मशीन माझं आहे."

सईला स्टुलावर बसवलं, हेडफोन घातले, हातात बटण दिलं. मॅडमनी सूर सोडायला सुरुवात केली. प्रांजल मॅडमच्या मागे ओठ दाबून उभी होती. सहदेव बूथच्या दुहेरी काचेपाशी उभा राहिला.

साठ, काही नाही. ऐंशी, काही नाही. शंभर. मॅडम शांतपणे खुणा करत होत्या. आलेखाची रेघ तळाशी, पहिल्या दोन आलेखांसारखीच. आपली नात ठार बहिरी असल्याचा कागद तयार होतोय, आणि आपल्याला देवाला नारळ फोडावासा वाटतोय, या विचाराने सहदेवला हसू आणि रडू एकदमच आलं.

मग मॅडमनी एकशेदहावर शेवटचा सूर सोडला. काचेतून सहदेवला सईचा अंगठा दिसत होता. तो बटणावर टेकलेला होता. सूर सुटला त्याच क्षणी अंगठा वाकला. आणि सईने चटकन डाव्या बाजूला, थोडं वर, पाहिलं. घरात कुणी हाताने 'नको' अशी खूण केली की ती जशी पाहते, तशी. अंगठा तिने बटणावरून उचलला आणि मांडीखाली लपवला. मग ती स्टुलावर उजवीकडे सरकली. गोल, लहानसं स्टूल. त्याची डावी अर्धी बाजू मोकळी सोडून ती अगदी कडेला बसली.

"झालं," मॅडम म्हणाल्या. "एकदम स्वच्छ."

प्रांजल बापाच्या गळ्यात पडली आणि लहान पोरीसारखी रडली. प्रिंटरमधून कागद बाहेर आला. मॅडमनी सही केली, शिक्का मारला आणि कागद कौतुकाने सहदेवच्याच हातात दिला.

त्याने चष्मा लावून तो वाचला. नाव, सई. वय बरोबर. आलेख बरोबर. खाली कोपऱ्यात, कुणी कधी बघत नाही अशा बारीक अक्षरांत, पाहणी क्रमांक. सईची ही चौथी पाहणी. तिथे चार असायला हवे होते. तिथे ४७३६ छापलं होतं.

कालचा तो दुसरा चौकोन, कुठलंसं नाव आधीच भरलेला, त्याच्या डोळ्यांसमोर आला. आदली फाइल कुणाची उघडली होती आपण? पुसायच्या आधी मशीनने विचारलं असणार की यातलं सगळं कुणाच्या नावावर टाकू, आणि आपण म्हणालो, ओके.

"काय झालं बाबा?"

या क्षणी तो बोलू शकला असता. मॅडमना सांगून कागद फाडता आला असता. प्रांजलच्या डोळ्यांखाली चार वर्षांचं जागरण होतं आणि तिचा हात कागदासाठी पुढे आला होता.

"काही नाही," तो म्हणाला. "जपून ठेव. घडी घालू नकोस."

दहिसरला जाताना रिक्षात प्रांजल मधे बसली, सहदेव एका कडेला, सई दुसऱ्या. "अगं बाहेर पडशील, आत सरक," प्रांजल हाताने सईला ओढत होती. सई आत येईना. आईच्या आणि आपल्या मधली वीतभर जागा ती कोपराने राखून बसली होती, आणि तिचा हात त्या मोकळ्या जागेत, सीटवर, उताणा पडला होता. सहदेवने तोंड फिरवलं आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिला.

६

शुक्रवारी समितीने होकार दिला. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं, सुरळीत झालं. जखम भरायला महिना गेला. त्या महिन्यात सहदेवने नातीवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. ती खेळली, जेवली, रुसली. काही वावगं दिसलं नाही. ती एकटी असताना जास्त हसते, असं त्याला दोनदा वाटलं, पण मुलं हसतातच. गाळ्यावर कुणी मशीन घेऊन आलं की आता तो प्रत्येक चौकोन चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचू लागला होता.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात यंत्र चालू करायचा दिवस आला. हॉस्पिटलातली खोली मोठी, उजेडाची, भिंतीवर हत्तींची चित्रं. बूथ नव्हता. कॉम्प्युटर नवाकोरा होता, आणि त्याला सहदेवचा हात लागला नव्हता याचा त्याला मनापासून आनंद झाला. सई प्रांजलच्या मांडीवर, तिच्याकडे तोंड करून बसली. तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या कानामागे चकती चिकटवली.

"आता मी चालू करते. पहिल्यांदा ती घाबरेल, रडेलही. रडली तर उत्तमच. आई, तुम्ही तिच्याशी बोलत राहा. तुमचाच आवाज तिला पहिला कळू दे."

प्रांजलने मान हलवली. चार वर्षं ती या पोरीशी रोज बोलत आली होती, न्हाऊ घालताना, भरवताना, झोपवताना, आणि त्यातला एक शब्दही कधी पोचला नव्हता.

"सई. सई, मी आई. ऐकतेस ना गं?"

डॉक्टरीणबाईंनी एक कळ दाबली. सईचे डोळे मोठे झाले. ती रडली नाही. ती इतकी स्थिर झाली की सहदेवलाही श्वास रोखावासा वाटला.

"ऐकू येतंय तिला!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बघा, कशी लक्ष देतेय. बोला, आई, बोला!"

"सई, माझी राणी, मी आई आहे गं, आई..."

सईने आईकडे पाहिलं नाही. ती आईच्या खांद्यावरून मागे, डावीकडे, थोडं वर पाहत होती, जिथे हत्तींच्या भिंतीशिवाय काही नव्हतं. मग तिने हळूच मान हलवली. थोडं थांबून पुन्हा हलवली. कुणी काही लांबलचक, सावकाश सांगत असावं आणि पोरीने हो-हो म्हणावं, तशी.

"ऐकलंस ना? आई म्हण बघू. आ..."

सईने डोळे त्या जागेवरून न हलवता उजवा हात उचलला आणि आपला तळवा आईच्या तोंडावर ठेवला.

प्रांजल हसली. बोटांच्या फटीतून ती डोळे भरून हसत म्हणाली, "अगं, बोलू दे की मला!" डॉक्टरीणबाई हसल्या, त्यांनी मोबाइलवर फोटो काढला. सहदेव भिंतीला टेकून उभा होता. प्रांजल पुन्हा बोलायला गेली. सईच्या कपाळाला आठी पडली. तिने दुसराही हात उचलला, दोन्ही तळवे एकावर एक ठेवून आईचं तोंड घट्ट दाबून धरलं, आणि ती पुढचं ऐकत राहिली.